पन्नास शब्द

"काकू घरी कशाबद्दल बोलायच्या?" स्पीच थेरपिस्ट बाईंनी विचारलं.

"कशाबद्दल म्हणजे... नेहमीचंच. घरातलं," काका म्हणाले.

"उदाहरणार्थ?"

काकांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. काकू पाठ सरळ ठेवून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, ठेवला होता तसाच. त्यांचं सगळं लक्ष काकांच्या तोंडाकडे होतं. उत्तर काय येतंय याची उत्सुकता त्यांनाही असावी.

"आज भाजी काय आणायची, वगैरे. मग शेजारपाजारचं. मुलीचं."

"मुलीचं काय?"

"असंच. बरं आहे का, वगैरे."

थेरपिस्ट बाई वयानं त्यांच्या लेकीएवढ्या असतील. त्यांनी कागदावर टेकवलेलं पेन उचलून बाजूला ठेवलं.

"काका, काकूंना सगळं कळतं बरं का. आपण काय बोलतोय तेही कळतंय. मनात वाक्य तयार असतं, पण शब्द काही केल्या हाताशी येत नाही. आज त्यांच्याकडे दोनच शब्द आहेत."

ते दोन म्हणजे "नाही" आणि "अगं बाई". मेंदूत रक्ताची गाठ अडकली त्याला पाच आठवडे झाले होते आणि तेव्हापासून काकू या दोन शब्दांवर संसार चालवत होत्या. भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही. रजा संपवून लेक परत निघाली तेव्हा डाव्या हातानं तिचा गाल धरून त्या "अगं बाई, अगं बाई" म्हणत राहिल्या आणि लेक टॅक्सीत बसेपर्यंत रडली.

बाईंनी टेबलावरची चित्रांची चवड पुढे सरकवली. कप, खुर्ची, कुत्रा, छत्री. "ही चित्रं सगळ्यांसाठी असतात. पण ज्या शब्दांवर माणसाचा जीव असतो ते लवकर येतात, असा माझा अनुभव आहे. मला काकूंचे शब्द हवेत. त्या कुणाला काय हाक मारायच्या, कशावर हसायच्या, कशावर चिडायच्या. पन्नास आणा. पुढच्या सोमवारी. पहिले काही महिने फार मोलाचे असतात, त्यामुळे उशीर नको."

"आणतो की," काका म्हणाले. "एकतीस वर्षं झाली लग्नाला. पन्नास म्हणजे काय!"

काकूंनी मान दुसरीकडे वळवली.

काका मोटारी भरायचे, म्हणजे वाइंडिंगचं काम. जळालेला पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप, काहीही आणा. आतली काळी पडलेली तार उपटून काढायची, खाचांत नवा कागद बसवायचा, तांब्याची तार साच्यावर गुंडाळायची आणि एकेक गुंडी खाचेत दाबत जायची. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. खोलीला वार्निशचा वास होता, तो पाहुण्यांनाच यायचा. सगळी खुबी वेढे मोजण्यात. एका गुंडीत चौऱ्याऐंशी म्हणजे चौऱ्याऐंशी. एखाददुसरा वेढा चुकला तरी मोटर गरम होते आणि गिऱ्हाईक महिन्याभरात दारात उभं राहतं. गुंडाळायच्या यंत्राला आकडा दाखवणारी चकती होती, पण काकांचा तिच्यावर विश्वास नव्हता. ते ओठांतल्या ओठांत मोजायचे.

आणि काकू बोलायच्या. स्वयंपाकघरातून, गॅलरीतून, मधल्या दारात उभं राहून. काका मोजत असले की डावा हात वर करायचे, तळवा बाहेर. काकू थांबायच्या. हात खाली आला की पुढचं वाक्य सुरू. मोजणं नसेल तेव्हा काका "हं" म्हणायचे. त्यांच्या मते ते ऐकतच असायचे. कुणाशी भांडण नाही, आवाज चढवणं नाही, बायकोला उलट उत्तर नाही. गल्लीत त्यांचं नाव चांगलं होतं.

पाच आठवड्यांपूर्वीच्या त्या बुधवारी सकाळीही काकू स्वयंपाकघरात काहीतरी सांगत होत्या. मध्येच बोलणं थांबलं. काकांना ते बरं वाटलं होतं. पंपाचं काम होतं, गुंडी अर्धी झाली होती. ती त्यांनी पूर्ण केली, खाचेत बसवली, दुसरी सुरू केली. मग आत भांडं पडल्याचा आवाज झाला. पडलं ते नुसतं भांडं नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "नक्की किती वाजता सुरू झालं? औषध द्यायचं तर वेळ कळायला हवी."

"साडेनऊ," काका म्हणाले. मग म्हणाले, "दहा असतील." डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. बोलणं थांबलं कधी, हे काकांना ठाऊकच नव्हतं. हे त्यांनी अजून कुणालाही सांगितलं नव्हतं.

थेरपिस्ट बाईंकडून आले त्याच संध्याकाळी वही घेऊन काका टेबलाशी बसले. चहा. पाणी. दूध. भाजी. लेकीचं नाव. गॅस. औषध. चावी. साबण. पंखा. दार. अकरा झाले. काकांनी यादी वाचून पाहिली. कुठल्याही घरातली यादी होती ती. शेजारच्यांना दिली असती तरी त्यांनाही चालली असती.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, तिनं सांगितलं असेल ना तुम्हाला सगळं? मला फोनवर सांगायची, ते तुम्हाला आधीच सांगून झालेलं असायचं. 'तुझ्या बाबांना सांगितलं, हं म्हणाले,' असं म्हणायची."

"हो, पण मला नेमकं..."

लेक म्हणाली, "कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशींना विचारा. आणि त्या पोस्टातल्या बाई आहेत ना, मागच्या बिल्डिंगमधल्या. त्यांना तर नक्कीच विचारा."

दुसऱ्या दिवशी शेजारीण काकूंजवळ बसली आणि काका वही खिशात घालून निघाले. गिऱ्हाइकाच्या घरी मोटर पोचवायला जाणं सोडलं तर ते या गल्लीत कुणाकडे गेलेच नव्हते.

इस्त्रीवाल्या मावशींनी चादर घडी करता करता ऐकून घेतलं. "शब्द? अहो, त्यांनी तर अख्ख्या गल्लीचं बारसं केलंय! तो टँकरवाला येतो ना, मान ताठ, गॉगल लावून? त्याचं नाव राजेसाहेब. नळवाल्याचं नाव 'उद्या'. कधीही विचारा, उद्या येतो. म्हणायच्या, 'उद्या आज आला होता का हो?'" मावशी हसत सुटल्या. "आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दिवसभर गॅलरीत उभ्या, त्या दुर्बीणबाई."

काका लिहीत होते. "आणि मला?"

मावशींनी इस्त्री उभी केली. "तुम्हाला कशाला काय म्हणतील!"

"सांगा हो. उपचारासाठीच लागतंय."

"रेडिओ," मावशी चादरीकडे बघत म्हणाल्या. "म्हणायच्या, आमच्या रेडिओचं स्टेशन लागत नाही. पण प्रेमानंच हो! रागानं कधीच नाही."

काकांनी "रेडिओ" लिहिलं. अक्षर थोडं बारीक आलं.

मावशींनी आणखी पुष्कळ सांगितलं. काकू आठवड्यातून दोनदा इथे टेकून उभ्या राहत. मावशींच्या मुलीची नर्सिंगची परीक्षा कधी, निकाल कधी, हे त्यांना मावशींपेक्षा जास्त पाठ. मुलगी नापास झाली तेव्हा काकू घरी येऊन तिच्याशी दोन तास बोलल्या होत्या. "पोरगी म्हणाली, आई, त्यांनी उपदेश नाही केला गं, नुसतं विचारत राहिल्या. मग मीच बोलले." मावशींनी डोळ्याला पदर लावला. "परवापासून ती कामाला लागली. हे सांगायला माणूसच नाही बघा मला."

पोस्टातल्या बाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी दार उघडलं, काकांना पाहिलं आणि आत न बोलावता म्हणाल्या, "कशी आहे ती?" मग आत बोलावलं. काकांनी वहीचं सांगितलं.

"मग पहिला शब्द लिहा, डुबकी," बाई म्हणाल्या.

"डुबकी?"

"बरं, पोहणं लिहा. तलाव लिहा. टोपी. खोल. आमच्या मास्तरणीची शिट्टी लिहा."

काकांना वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. "नाही हो, तिला पोहता येत नाही."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तीन वर्षं झाली. मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते अकरा, बायकांची वेळ. मी घाबरून दोन महिन्यांत सोडणार होते, तिनं सोडू दिलं नाही."

"मला ती बोलली नाही."

"बोलली नाही?" बाईंचा आवाज शांतच होता. "रोज बोलायची. फी भरायची म्हणून तुम्हाला विचारलं, तुम्ही हं म्हणालात. पोहायचे कपडे घेतले, तुम्हाला दाखवले, तुम्ही हं म्हणालात. मागच्या गॅलरीत वाळत असतात ते तीन वर्षं. आणि ज्या दिवशी न थांबता तलावाची अख्खी लांबी पार केली, त्या दिवशी डोकंसुद्धा पुसलं नाही तिनं. तशीच धावत घरी गेली, तुम्हाला सांगायला. तुम्ही हात वर केलात."

काकांनी पेन वहीवर आडवं ठेवलं.

"ती उभी राहिली. तुमचं मोजणं संपलं. तुम्ही म्हणालात, चहा झाला का?" बाई उठून आत गेल्या. "हे मला तिनं हसत हसत सांगितलं, म्हणून मीही हसले होते तेव्हा."

त्या परत आल्या तेव्हा हातात निळी रबरी टोपी होती. काकू आजारी पडल्या त्याच्या आदल्या दिवशी ती बाईंच्या पिशवीत राहून गेली होती.

घरी येताना काका तो दिवस आठवायचा प्रयत्न करत होते. ओल्या केसांची बायको धापा टाकत दारात उभी आहे, तिच्या पायाशी पाणी गळतंय. त्यांनी डोक्याला पुष्कळ ताण दिला. त्यांना आठवली ती पिठाच्या गिरणीची मोटर. छत्तीस खाचा, जाड तार, वार्निश वाळायला दोन दिवस लागले होते. वेढ्यांचा आकडासुद्धा आठवला. दारातलं माणूस काही केल्या दिसेना.

पुढच्या सोमवारी वहीत त्रेसष्ट शब्द होते.

थेरपिस्ट बाईंनी ते मोठ्या अक्षरांत कार्डांवर लिहून काढले आणि एकेक कार्ड काकूंपुढे धरून वाचायला सुरुवात केली. "राजेसाहेब" वाचल्यावर काकूंनी चमकून पाहिलं. "उद्या"ला त्यांना हसू फुटलं. "दुर्बीणबाई"ला त्या खांदे उडवत हसल्या, डाव्या हातानं टेबल वाजवलं आणि "अगं बाई!" म्हणाल्या. बाईसुद्धा हसल्या. काकांना धीर आला. त्यांनी पिशवीतून निळी टोपी काढून काकूंपुढे ठेवली.

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी टोपी हातात घेतली, अंगठ्यानं दाबून पाहिली. मग काकांकडे पाहिलं.

"पोस्टातल्या बाईंनी दिली," काका म्हणाले. "तू सांगितलं होतंस मला. मीच ऐकलं नाही."

काकूंनी टोपी फेकून दिली. ती खिडकीखाली जाऊन पडली. "नाही," त्या म्हणाल्या. "नाही. नाही. नाही!" आणि डाव्या हातानं वही ढकलली, कार्डं ढकलली. तेवढ्यानं भागेना म्हणून काकांच्या खांद्यावर एक चापट मारली. सहा आठवड्यांत त्यांचा इतका मोठा आवाज निघाला नव्हता. सांगायचं होतं तेव्हा शब्द होते, आता हा माणूस ऐकायला आला आहे!

थेरपिस्ट बाईंनी मध्ये हात घातला नाही. काकू दमून थांबल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "काकू, टोपी नको का?"

काकूंनी खिडकीखाली बोट दाखवलं. काकांनी खाली वाकून टोपी उचलून दिली. काकूंनी ती पदराखाली ठेवली. त्यापुढचा सगळा तास त्यांनी काकांकडे पाहिलं नाही, पण कार्डं मात्र सगळी पाहिली.

त्यानंतर घरी रोज दोनदा सराव सुरू झाला. काका चुकायचे. शब्द अर्धा काकूंच्या तोंडात असतानाच पुरा करून टाकायचे, आणि काकू त्यांच्या मनगटावर बोटानं टकटक करायच्या. थांबा. मग ते थांबायचे. थांबणं त्यांना मोटर भरण्यापेक्षा जड जायचं. इस्त्रीवाल्या मावशी येऊन मुलीच्या नोकरीचं सविस्तर सांगून गेल्या. पोस्टातल्या बाई मंगळवारी आणि शुक्रवारी पोहून झालं की ओल्या केसांनी यायच्या, आज पाणी कसं होतं ते सांगायच्या.

एका दुपारी सराव संपल्यावर काकांनी वही मिटली आणि त्या बुधवारचं सांगितलं. तू बोलायची थांबलीस ते मला कळलं होतं. मला बरं वाटलं होतं. मी दुसरी गुंडी सुरू केली. डॉक्टरांना वेळ खोटी सांगितली, खरी माहीतच नव्हती. एवढं ते न थांबता बोलले. आयुष्यात एका दमात ते बायकोशी इतकं बोलले नसतील.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग "नाही" म्हणाल्या.

"नाही म्हणजे? माझी चूक नाही, असं? की माफ नाही, असं?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळानं उठून त्यांनी चहा केला आणि दोघांनी तो घेतला.

तीन महिन्यांनी काकूंकडे अकरा शब्द झाले. "राजे" आला, "साहेब" अडकून राहिला. "उद्या" फार स्पष्ट यायचा, त्यामुळे तो सगळीकडेच वापरला जायचा. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, पोहायला पुढच्या वर्षी बघू, आत्ता काही सांगता येत नाही. काकूंनी ते नीट ऐकून घेतलं.

एका गुरुवारी, चारच्या सुमाराला, काका मिक्सरची मोटर भरत होते आणि काकू खिडकीपाशी आरामखुर्चीत होत्या.

"नाही," काकू म्हणाल्या. "नाही, नाही. उद्या!"

काकांचे सेहेचाळीस वेढे झाले होते. त्यांनी तार सोडली आणि स्टूल ओढून काकूंसमोर बसले. "काय गं?"

"अगं बाई. नाही... उ... उ..."

"उद्या? नळवाला आला?"

काकूंनी नाही अशी मान हलवली.

"उन्हाचा त्रास होतोय? खुर्ची सरकवू? लेकीचा फोन यायचाय? पाय दुखतोय?" काका थांबले. आपण फार भराभर विचारतोय हे त्यांचं त्यांनाच कळलं. "तू सांग. मी बसलोय."

काकूंनी डोळे मिटून शब्द शोधला. सापडला नाही. मग त्यांनी शेजारच्या तिपाईवरचा रिकामा कप उचलला आणि बशीत उपडा घातला.

"चहा संपला? चहा हवा? सांडला कुठे?"

नाही, नाही, नाही. काकूंनी कप सरळ केला, पुन्हा उपडा केला. चेहरा लाल झाला होता. दारात एक माणूस टेबलपंखा घेऊन उभा राहिला.

"वाइंडिंगवाले काका तुम्हीच ना? हा जरा अर्जंट होता."

"ठेवा तिथे आणि उद्या या," काका मागे न बघता म्हणाले. "आम्ही बोलतोय."

त्या माणसानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, पंखा भिंतीशी ठेवला आणि तो गेला.

काकूंनी तिसऱ्यांदा कप उपडा केला. काका कपाकडे बघत राहिले. "उपडा," ते म्हणाले. "उलटा. काहीतरी उलटं आहे का?"

काकूंनी त्यांचा दंड पकडला. हो, हो, अशी मान हलवली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं होतं. खिडकीला कोरा पडदा लागला होता, पिवळा, त्यावर बगळे. सगळे बगळे डोकं खाली आणि तंगड्या वर करून होते.

"उल-टं," काकू म्हणाल्या.

"उलटा लावलाय की!" काका म्हणाले. "अगं, शिवतानाच उलटा शिवलाय तो. बघ ना, वरची पट्टी."

काकू हसायला लागल्या. काकाही हसायला लागले. तेवढ्यात समोरच्या बाईनं येऊन पडदा एका अंगाला सारला, तर सगळे बगळे शीर्षासनातच एकमेकांवर जाऊन आदळले. काकूंना हसू आवरेना. हसता हसता त्यांच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळली आणि हनुवटीपर्यंत आली. काकांनी पुसायला खिशातला रुमाल काढला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला आणि आधी काकूंचं हसून होऊ दिलं.